विषय: धुळ्याजवळ सैनिक निवास, ठरावाआधी बोला

प्रेषक: सचिव
३ फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या कार्यक्रमात जमलेली रक्कम अजून आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या खात्यातच पडून आहे. आपण महिन्यातून एका शनिवारी जिथे जेवण वाढायला जातो, त्या इथल्या बेघर माजी सैनिकांच्या संस्थेसारखं काहीतरी आपल्या खानदेशात उभं करावं, असं कार्यकारिणीत निघालं. धुळ्याजवळ हायवेला लागून जागा मिळेल, असं एका सभासदाचे मेहुणे म्हणतात. वीस खोल्या, एक भोजनगृह, दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी. १५ तारखेच्या बैठकीत ठराव मांडायचा आहे, तोवर मतं कळवा.

(ज्यांना फक्त ‘छान कल्पना’ लिहायचं आहे त्यांनी ते मला एकट्याला पाठवावं. मागच्या वेळी गणपतीच्या मखरावरून ६१ मेल आले होते.)

*

प्रेषक: ताई
४ फेब्रुवारी

सचिवसाहेब, मला ‘छान कल्पना’ म्हणायचं नाहीये, म्हणून मेलच्या यादीवरच लिहिते.

त्या संस्थेत मी चार वर्षं जाते आहे. पहिली दोन स्वयंपाकघरात गेली, आता कागदपत्रांच्या टेबलावर बसते. शनिवारी वाढायला गेलं की आपल्याला दिसते ती इमारत, पण काम चालतं ते त्या टेबलावर. माणूस येतो तो एक पिशवी घेऊन. आधी विचारायचं जेवलास का, मग विचारायचं डीडी-२१४ आहे का. हे म्हणजे इथलं डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटल्याचा कागद. नसेल तर मागवायचं, आणि ते येईपर्यंत त्याला खोली द्यायची. पुढे त्याचं नाव सरकारी घरभाडे व्हाउचरसाठी पाठवायचं. भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, बाकीचं व्हाउचरमधून जातं. शिवाय माजी सैनिक खात्याचा एक केस मॅनेजर असतो, तो घर मिळाल्यावरही येत राहतो: औषध घेतोस का, दारू सुटली का, वीजबिल भरलंस का. संस्थेच्या खोल्या म्हणजे मधला मुक्काम. २०१० साली अमेरिकेत ७४,००० च्या वर माजी सैनिक बेघर होते, जानेवारी २०२४ च्या मोजणीत ते ३२,८८२ भरले. यात मोठा वाटा व्हाउचरचा, आणि ते घेऊन दारोदार हिंडणाऱ्या माणसांचा.

आता आपल्याकडे या. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात एकही फौजी रस्त्यावर झोपत नाही. भाऊबंदकीत अर्धं गेलेलं असेल, पण घर आहे. आमचे आबा १७ वर्षं नोकरी करून सदतिसाव्या वर्षी पेन्शनवर घरी आले आणि पुढची वीस वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. घरात त्यांची काळी लोखंडी ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. तळाशी युरियाच्या गोणीतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. पोरांनी ट्रंकेला हात लावला की आबांचा आवाज परेडचा व्हायचा.

आबा गेले आणि मायची फॅमिली पेन्शन चौदा महिने अडली. का? लग्नात सासरी तिचं नाव बदललं, पण पलटणीतली पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजी नोंद, निघाली ती माहेरच्या नावाने. आधारवर सासरचं नाव, आणि पासबुकात त्याच नावाला ‘बाई’ जोडलेलं. तीन कागदांवर माय म्हणजे तीन बायका. कुणी तिला हाकलून दिलं असं नाही, खुर्ची देऊन सांगायचे, पण दर खिडकीवर एक कागद कमी पडायचा. गुडघे दुखणारी बाई गावाहून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला एस्टीने जायची आणि मी इथून रात्री दोन वाजता फोनवर तिच्यावरच ओरडायची. जोडीचा फोटो मागितला तेव्हा कळलं की दोघांचा एकत्र असा एकच फोटो आहे, चैत्रात सप्तशृंगी गडावर यात्रेत काढलेला, मागे रंगवलेला डोंगर आणि आबांच्या डोळ्यांवर भाड्याचा गॉगल. शेवटी काम झालं ते आप्पाकाकांमुळे. ते रिटायर्ड सुभेदार. मायला त्यांनी तीनदा मोटरसायकलवर मागे बसवून नेलं, प्रतिज्ञापत्र करून घेतलं, आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं ते फौजी भाषेत, दोन ओळींचं.

माझ्या माहितीत आणखी पाच घरी हेच चाललंय. वीस खोल्या राहू द्या. प्रत्येक तालुक्यात आप्पाकाकांसारखा एक माणूस द्या, त्याचं पेट्रोल द्या. काकांना मी यादीत घेतलेलंच आहे, तेही वाचतील.

*

प्रेषक: आप्पा (पारोळ्याकडून)
५ फेब्रुवारी

जय हिंद मंडळी. पुतणीने यादीत घातल्यापासून मी फराळाच्या ऑर्डरीच वाचत होतो. आज कामाचं आलं.

निवासाचं म्हणाल तर तठे कोन जाई भो? हायवेवर ना पार, ना म्हैस, ना कुणी ओळखीचं. गावात बोभाटा होईल की पोरांनी म्हाताऱ्याला टाकला. पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखाली लुळे झालेले जवान, त्यांना खास जागा लागते, आणि त्यासाठी १९७४ पासून खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर आहे. ती गोष्ट निराळी.

पण बेटा, ‘घर आहे’ असं तू लिहिलंस ते लांबून दिसतं तसं. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. धाब्यावर दर साली मिरगाच्या आत, पाऊस लागायच्या आधी, खारी माती टाकून धुमसावं लागतं, पन्हळी साफ कराव्या लागतात. सत्तरीचा माणूस टोपलं घेऊन शिडी कशी चढणार? पोरगा सुरतेला कामाला. एक साल चुकलं की लाकडात पाणी जातं. आपल्या गल्लीच्या टोकाचा जवान तुला आठवत असेल, पोरांना सलाम ठोकायला शिकवायचा तो. त्याच्या घराचे दोन खण, त्यातला एक भादव्यात बसला. आता म्हातारा-म्हातारी उरलेल्या खणात, आणि पडलेल्या बाजूला साडी बांधली आहे.

त्याला पेन्शन नाही. नऊ वर्षांत घरी आला, आणि पेन्शनला १५ लागतात. पेन्शन नसलेल्या ६५ च्या वरच्यांसाठी, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याला, केंद्राची मदत आहे. महिन्याला ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केली. अर्ज ऑनलाइन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. आणि याच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्या सुरतेच्या पोराचा, तोही बंद पडलेला. घरपट्टी राज्याने २०२० साली माजी सैनिकांना माफ केली, हा अजून भरतो आहे. मी म्हटलं अर्ज कर ना, तर म्हणे फौजी माणूस हात पसरत नाही. सरकारचा पैसा घेणं म्हणजे हात पसरणं नव्हे, हे त्याला पटवायलाच मला दोन चहा लागले.

मला गाडी नको, माझी आहे. पेट्रोल, झेरॉक्स, आणि मिरगाच्या आत धाब्यावर चढायला दोन धडधाकट माणसं, एवढं बघा.

*

प्रेषक: खजिनदार
७ फेब्रुवारी

भावना समजल्या. आता कायदा. आपलं मंडळ ही परदेशी संस्था. भारतात आपण पैसे देऊ शकतो ते २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तिने ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यायचे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे ‘एका ओळखीच्या ट्रस्टमार्फत फिरवू’ हा मार्ग बंद. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसाही परदेशीच धरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड दाखवून उपयोग नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला मात्र त्यात येत नाही. मंडळाने आप्पांच्या खात्यात पैसे टाकायचा विषय बैठकीत कृपया काढू नये.

*

प्रेषक: सचिव
१६ फेब्रुवारी

कालच्या बैठकीचं थोडक्यात. निवासाचा ठराव मांडला नाही. (मेहुण्यांना कसं सांगायचं ते माझ्यावर आलंय.) पाटीचं काय, असं दोघांनी विचारलं. ताई म्हणाल्या, साडी बांधली आहे तिथे लावा. यावर थोडी शांतता झाली. जमलेली रक्कम योग्य नोंदणी असलेली संस्था सापडेपर्यंत खात्यातच राहील. तोवर भारतीय पासपोर्ट असलेल्या तीन सभासदांनी आपल्या खिशातून त्या खणाचं काम आणि आप्पांचा सहा महिन्यांचा फिरण्याचा खर्च उचलला आहे. आप्पा, पावत्या ठेवाल ना?

*

प्रेषक: आप्पा (पारोळ्याकडून)
१८ फेब्रुवारी

पावत्या ठेवीन. खारीवाल्याकडे पावती नसते, त्याचा अंगठा घेतो.

मोबाइल नंबर जोडून झाला, अर्ज परवा भरतोय. धाब्याचं त्याने ऐकलं, पण अट घातली आहे: पैसे उसने. दादर ज्वारी काढणीला आली आहे, अर्धं पोतं तुमच्या तिघांच्या नावाने बाजूला ठेवणार, नाही म्हणाल तर गवंड्याला घरात पाय ठेवू देणार नाही. मी हो म्हणून बसलोय. ती दादर अमेरिकेत कोणत्या कायद्याने आणायची ते खजिनदारांनी कळवावं.