एचपीव्ही लस आणि आपण पुरुष : सोलापूरकरांनो, तुमच्या घरी काय झालं?

एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळायच्या लसीचा विषय घरात बायका काढतात, पण होकार बाप नाहीतर नवऱ्याचा लागतो. म्हणून हा धागा पुरुषांसाठी. दिली, टाळली, नको म्हणालात, जे झालं ते लिहा.

माझं सांगतो. मुलगी तेराची होती तेव्हा बायकोनं विषय काढला. मी म्हणालो, "एवढ्याशा पोरीला कशाला? लग्नाचं बघू तेव्हा बघू." दोन वर्षं गेली. मग सात रस्त्याजवळच्या डॉक्टरबाईंनी समजावलं: विषाणू शरीरात शिरायच्या आधी लस घेतली तरच पुरता उपयोग. पंधराच्या आत दोन डोस पुरले असते, आता तीन. मी नेमकी चुकीची वेळ धरून बसलो होतो. सुई टोचताना पोरीनं माझा अंगठा घट्ट धरला होता.

यंत्रमाग कामगार, अशोक चौक
आई विड्या वळायची. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, तरी अंगावरून लाल जायचं. सहा महिने कुणाला बोलली नाही, आम्ही सगळी बापय माणसं घरात. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनचे शेक दिले. एसटीत वडील तिच्या शेजारी बसून एकच विचारायचे, "मला का नाही सांगितलंस गं?" आई राहिली नाही. यंदा बोनस आला तसा दोन्ही भाच्यांना लस दिली, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक. पैसे लागले, पण त्या एसटीतल्या फेऱ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

जुळे सोलापूर
आम्ही नाही दिली. आई म्हणाली, पुढं मूल होत नाही. मी गप्प बसलो.

(दादा, तसं काही होत नाही. लसीत जिवंत विषाणूच नसतो. आईंना घेऊनच डॉक्टरांकडे जा.)

नवरा, वय 28
बायको चोवीसची. "लस घेऊ का?" म्हणाली तर मी तडकलो, "तुला कशाला? माझ्यावर संशय आहे का?" ती शांतपणे म्हणाली, हा विषाणू शरीरसंबंधातून पुरुषाकडूनही येतो, वर्षानुवर्षं काही कळत नाही, लग्नाआधीचाही असू शकतो. रात्रभर झोप नाही. सकाळी मीच नंबर लावला. लस घेतली तरी पुढे गर्भाशयमुखाची तपासणी करत राहायची, हेही तिथंच कळलं. तिसरा डोस गड्ड्याच्या यात्रेनंतर आहे. त्या दिवशीची सुट्टी आताच टाकलीय.