ब्रेक दाबला की पेडल थडथडतंय, डिस्क बदलू का? मदत हवी आहे

मंडळी, गाडी ८०-९० च्या स्पीडला असताना ब्रेक मारला की पायाखाली पेडल धडधडतं आणि स्टिअरिंगपण हलतं. हळू चालवताना काहीच नाही, आणि ब्रेक न दाबता कितीही पळवा, एकदम स्मूथ, म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा विषय नसावा. एबीएसचापण (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) विषय नसावा, कारण ते जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चाक घसरल्यावरच येतं ना, इथे तर हलका पाय ठेवला तरी होतंय.

मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकल्यात, नवीन टाका. पण मी वाचलं की बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच, पॅडचं मटेरियल तिच्यावर कमीजास्त चिकटतं किंवा जाडी एकसारखी राहत नाही, आणि त्यात मिमीच्या शंभराव्या भागाएवढा फरकसुद्धा पायाला कळतो. आता आठवतंय, मध्ये टायर बदलले तेव्हा त्या पोराने न्यूमॅटिक गनने नट दणादण आवळले होते, टॉर्क रेंच (मोजून ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) वगैरे काही नाही (मी बघत उभा होतो, बोललो नाही, माझीच चूक), आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी हे सुरू झालं. नट कमीजास्त आवळल्याने असं होतं का? की हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजामुळे डिस्क तिरकी बसली असेल?

डायल गेज लावून रनआउट (फिरताना डिस्क किती डगमगते ते) आधी मोजून घेऊ का, की सरळ लेथवर फेसिंग (डिस्कचा पृष्ठभाग तासून सपाट) करून घेऊ? आणि नवीन डिस्क टाकल्याच तर पॅडपण बदलायचे ना? घाटात उतरताना ब्रेक तापवून मग सिग्नलला पेडल दाबून उभं राहायची सवय आहे मला, तेही कारण असेल का?