मदत हवी आहे : क्वेव्रीला आतून मेण कसे लावतात?

जॉर्जियात द्राक्षांचा रस साली-बियांसकट क्वेव्री नावाच्या, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात आंबवतात आणि २०१३ साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवलेल्या या पद्धतीत पांढऱ्या द्राक्षांची वाइनही सालींमुळे कोऱ्या चहासारखी तांबूस होते. रंग सालीतच असतो, हे मला नाशिकच्या मळ्यात काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांनी चिरडून फिकट रस पाहिला तेव्हाच खरे वाटले.

रांजण पाझरू नये म्हणून त्याला आतून मधमाश्यांचे मेण लावतात. त्यासाठी रांजण आधी किती तापवावा लागतो, आणि दरवर्षी धुतल्यावर ते मेण पुन्हा चढवावे लागते का? जॉर्जियातल्या काखेती भागात हे काम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.