अर्धांगवायू : रुग्ण उशिरा येतो की उपचार दूर असतो?

घाटमाथा : २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनानिमित्त ‘निशिगंध’ यांनी येथे लिहिले की, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे आणि बोलणे अडखळणे ही तीन लक्षणे फलक लावून लोकांना पाठ करून दिली तर निम्मे काम होईल, कारण रुग्ण अज्ञानामुळे उशिरा येतो. हे वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे सीटी स्कॅन करून पाहावेच लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या माणसाने लक्षणे ओळखून जायचे कुठे? ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा साधारण सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच दगावली होती. याला अज्ञान म्हणू नका.

निशिगंध : गडचिरोलीबद्दल वाद नाही. पण मी पुण्यात राहते आणि आमच्या काकांच्या घरापासून मोठे रुग्णालय दहा मिनिटांवर आहे. रात्री जेवताना त्यांच्या हातून घास निसटू लागला, तेव्हा घरच्यांनी ‘अंगावरून वारं गेलं असेल, सकाळी बघू’ म्हणून त्यांना झोपवले. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?’ हा, आणि उत्तर ऐकून इंजेक्शनचा विषयच संपला. रक्तदाबाची गोळीही त्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद केली होती. तिथे काय दूर होते?

जुना फार्मासिस्ट : गोळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब आहे आणि तो दुखत नाही, त्यामुळे माणसे एक पट्टी नेतात व पुन्हा फिरकत नाहीत. वर मिश्री सुटत नाही, जेवणात पापड-लोणचे सुटत नाही. त्यानंतर लकव्याच्या गावठी औषधासाठी मात्र हीच माणसे गाडी करून दोन जिल्हे ओलांडतात.

कातळवाट : गावठी औषधाला नावे ठेवण्याआधी जरा थांबा. माझ्या आईची उजवी बाजू गेली, तेव्हा शहरातल्या रुग्णालयाने चार दिवसांत घरी पाठवून दिले. गावच्या वैदूंनी पाला लावला, रोज मालिश केली आणि तीन महिन्यांत आई काठी धरून चुलीपर्यंत जाऊ लागली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी पाळी : मी परिचारिका आहे आणि असे बोलणे ऐकले की माझा तोल जातो. पहिल्या काही महिन्यांत मेंदू बराचसा आपोआप सावरतो. त्याचे श्रेय पाल्याला देऊ नका. शिवाय पाला लावण्यात जे पहिले तास जातात, ते परत येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे घरचे लोक अशा रुग्णाला काढा पाजतात. गिळण्याची शक्ती गेलेली असते, काढा फुप्फुसात उतरतो आणि माणूस न्यूमोनियाने जातो.

कातळवाट : आम्ही काढा पाजला, असे मी कुठे लिहिले आहे? तुम्ही आमच्या घरात नव्हता. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावीसुद्धा मिळाला नाही. आईचा हात रोज उचलून कोपरातून वाकवणारा, बोटे एकेक करून उघडणारा दुसरा कोण होता?

तिसरी पाळी : हे मान्य करावे लागेल, मनाविरुद्ध का होईना. ते हात हलवणे म्हणजेच व्यायाम होता आणि तो आम्ही तुम्हाला द्यायला हवा होता. पहिल्या दिवसाबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी तसूभरही मागे घेणार नाही.

घाटमाथा : चर्चा पाल्यावर अडकली, मूळ मुद्दा तसाच आहे. माझ्या मावसभावाला रुग्णवाहिकेने वेळेत जवळच्या रुग्णालयात पोहोचवले. तिथे स्कॅनचे यंत्र होते, पण रात्री ते चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून वेगळा मार्ग काढला. तिथे सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर मेंदूविकारतज्ज्ञांचा फोनवर सल्ला घेतात आणि इंजेक्शन तिथेच, मोफत देतात. डोंगराळ राज्याला जे जमते ते आपल्याला का जमू नये?

निशिगंध : जमायलाच हवे. पण हिमाचलातल्या त्या रुग्णालाही कोणीतरी ‘सकाळी बघू’ न म्हणता उठवून नेले, तेव्हाच इंजेक्शन उपयोगी पडले.

घाटमाथा : एवढे मानतो. मग तुमच्या फलकावर तीन लक्षणांखाली रात्री स्कॅन चालू असणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव व फोन क्रमांकही छापा. ज्या तालुक्यात छापण्यासारखे नावच सापडणार नाही, तिथला फलक आधी आरोग्यमंत्र्यांकडे पाठवा.