वाळवणाचं ऑनलाइन दुकान : पाडव्याच्या हंगामात विक्री कशी वाढवावी? (नाशिक)

मंडळी, मदत हवी आहे.

पंचवटीत आमचं वाळवणाचं घरगुती काम आहे. सासूबाई आणि गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया, बटाट्याचा कीस, सांडगे, शेवया करतात. फोटो, वेबसाइट, पार्सलं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. नाशकातली विक्री तोंडी चालते, तिची चिंता नाही. वाढवायचंय ते पुणे, मुंबई आणि राज्याबाहेरच्या मराठी घरांपर्यंत.

अडचण अशी की मागणी आणि माल यांची गाठच पडत नाही. होळी झाली की "कुरडई आहे का?" असे मेसेज सुरू होतात. त्या वेळी आमच्याकडे गहू नुकते भिजत पडलेले असतात. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे: तीन दिवस भिजवण, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून पाडायच्या. नंतर कडकडीत वाळेपर्यंत उन्हाच्या मर्जीवर. म्हणजे आज गहू भिजवले तर पाकीट हातात यायला आठवडा तरी जातो. तोवर विचारणाऱ्याने दुसरीकडून घेतलेलं असतं. मग मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर सगळे एकदम जागे होतात आणि आमचा माल संपलेला असतो.

यंदा (२०२६) पाडवा १९ मार्चला आहे. त्याआधी ठरवायचंय:

१) इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातींवर पैसे घालावेत का? घातले तर आत्ता की एप्रिलमध्ये?

२) कुरडईचं कुरिअर परवडत नाही. खोकं ३० × २५ × २० सेंटीमीटरचं. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागतात, म्हणजे भाडं ३ किलोचं. आत कुरडई १ किलो! खोकं लहान घेतलं तर चुरा पोचतो. बरं, द्राक्षाच्या दिवसांत खोकीवाले आमच्यासारख्या किरकोळ ऑर्डरला दाद देत नाहीत.

३) कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी की बंद करावी? पार्सल परत आलं की जाण्याचं भाडं जातंच, वर येण्याचंही लागतं.

अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

रीलवाला
ताई, पहाटे चीक शिजतानाचे रील टाका. गच्चीवर कुरडयांच्या ओळी, सोऱ्यातून पडतानाचा क्लोजअप. लोक वेडे होतात. थोडे पैसे लावून पुढे ढकला, ऑर्डरी धो धो येतील.

धागाकर्ती
रील टाकते दादा. पण ऑर्डरी धो धो आल्या तर माल कुठून आणू, हाच तर प्रश्न आहे. गच्ची तेवढीच, बायकाही तेवढ्याच.

नाशिकरोडकर
ताई, मी मनुके आणि मसाले ऑनलाइन विकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरात आत्ता नको. तुमच्याकडे गिऱ्हाईक कमी नाही, ते चुकीच्या वेळी येतंय. आधी जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढा आणि त्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवा: पहिला घाणा अमुक तारखेच्या आठवड्यात निघेल, नोंदणी सुरू, अर्धे पैसे आधी. साइटवर "आउट ऑफ स्टॉक" लिहू नका, "दुसऱ्या घाण्याची नोंदणी सुरू" असं लिहा. वाळवण घेणारा माणूस थांबायला तयार असतो. घरी करायचं तरी थांबावंच लागतं. त्याला तारीख हवी असते. नोंदणी बघून गहू भिजवा. मेमधल्या गर्दीसाठी एक घाणा बाजूला राखून ठेवा, कोणी कितीही मागितला तरी एप्रिलमध्ये काढू नका.

तारखा देताना रंगपंचमी सोडून द्या. नाशकात त्या दिवशी पिकअपला कोण येणार, सगळे रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात! आणि तारीख एक दिली तरी खाली "अवकाळी आल्यास चार दिवस पुढे" हे लिहाच. मार्च-एप्रिलमधलं आभाळ द्राक्षवाल्यांना रडवतं, तुम्हाला सोडेल असं नाही.

आता कुरडई. खोकं बदलण्याआधी कुरडई बदला. सोऱ्या तोच, फक्त दोन-अडीच इंची पाडा. लहान कुरडई एकीवर एक नीट बसते, मधली हवा कमी होते आणि तुटतेही कमी. तेच वजन २५ × २० × १५ च्या खोक्यात मावलं तर आकारमानाने दीडच किलो धरतील. द्राक्षाचे पारदर्शक पनेट (प्लास्टिकचे डबे) मिळतात, त्यांत रचून बघा. पण त्यांना भोकं असतात, म्हणून कुरडई आधी पिशवीत सील करा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत मऊ पडेल. पुण्या-मुंबईची मोठी पार्सलं ट्रॅव्हल्सने पाठवून गिऱ्हाइकाला थांब्यावरून घ्यायला सांगता येतं. सगळे तयार होत नाहीत, पण चार किलो घेणारे होतात.

कॅश ऑन डिलिव्हरी नव्या गिऱ्हाइकाला बंद. जुन्यांपैकी कोणी मागितलीच तर फोनवर खात्री करून मगच पार्सल बांधा.

शेवटचं, कागदपत्रं. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं हवं. पापडावर जीएसटी नाही म्हणून सगळ्या वाळवणावर नाही असं धरू नका. शेवयांचं वेगळं आहे. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा कामाला येत नाही, जीएसटी नोंदणी लागते. बंगळुरूच्या ऑर्डरी घेण्याआधी सीएशी बोला.

परगावची गिऱ्हाईक
मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. दोघांच्या घरात किलोभर कुरडई कोण संपवणार? पाव-पाव किलोचं मिश्र पाकीट ठेवा: नागली पापड, कुरडई, कीस, सांडगे. आणि कुरडईचा चुरा फेकू नका हो. आमच्याकडे कांदा-मिरचीवर परतून त्याची भाजी होते. चुऱ्याचं वेगळं पाकीट, वर भाजीची कृती छापून, थोड्या कमी भावात. मी पहिली घेईन.

माहेर सिन्नर
अजून एक सुचवते. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून. जावयाला वाण द्यायला अनारसे लागणार आणि शहरात तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळत बसायला वेळ कोणाला आहे? अनारशाचं पीठ विका. टिकतं, तुटत नाही आणि वजनाच्या मानाने जागा कमी खातं. त्याला ऊनही लागत नाही, तांदूळ सावलीतच सुकवायचे असतात. गच्ची कुरडयांना मोकळी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. लहान कुरडईला त्यांनी आधी नाक मुरडलं, "ही काय भातुकली आहे?" म्हणाल्या, पण एक घाणा करून बघू म्हणतात. चुऱ्याचं पाकीट लगेच मान्य. नोंदणीचा निरोप उद्या पाठवते, जाहिरात तूर्त बाजूला ठेवली.

नाशिकरोडकर दादा, एक राहिलं. अर्धे पैसे भरून नंतर कोणी नको म्हटलं, तर परत द्यायचे का?

नाशिकरोडकर
गहू भिजवायच्या आधी म्हटलं तर पूर्ण परत द्या. भिजवल्यावर नाही, पण पैसे बुडवू नका, त्याच रकमेचा पापड किंवा पुढच्या घाण्यातला माल घ्या म्हणा. ही अट पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिहा, खाली कोणी वाचत नाही. आणि अनारशाच्या पिठाचं ठरलं तर मला दोन किलो लिहून ठेवा, आमच्याकडे दोन जावई आहेत.