क्षय बरा झाल्यानंतर थुंकीत रक्त : बुरशीचे निदान कसे होते?

प्रश्न (कळव्याहून):
वडिलांचा क्षयरोग चार वर्षांपूर्वी पूर्ण उपचारांनी बरा झाला होता. मात्र गेले चार महिने खोकला थांबत नाही, वजन उतरत आहे आणि परवा बेसिनमध्ये थुंकीसोबत रक्ताची तार दिसली. जीन एक्सपर्ट तपासणीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत, तरीही पुन्हा तीच औषधे सुचवली जात आहेत. बुरशीची शक्यता कशी पडताळावी?

उत्तर (ऐरोली):
क्षयाने फुफ्फुसात पोकळी राहिली असेल, तर तीत अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढू शकते. सीटी स्कॅनमध्ये पोकळीतला गोळा आणि त्याच्या कडेची हवेची चंद्रकोर दिसली, तर संशय बळावतो. नुसत्या थुंकीच्या कल्चरवर (थुंकीतील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीवर) विसंबू नये, कारण या बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि निरोगी माणसाच्या श्वासातही जातात. तीन महिन्यांहून अधिक काळची लक्षणे, सीटी आणि रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे) यांचा मेळ बसावा लागतो. रक्ताचे प्रमाण वाढल्यास मात्र अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उत्तर (वाशी):
चिठ्ठीवरील अक्षर नीट वाचून घ्यावे. माझ्या दम्यासाठी आयजीई (वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे) लिहिले होते, प्रयोगशाळेने आयजीजी केले आणि पैसे वाया गेले. दम्यातील बुरशीच्या अ‍ॅलर्जीसाठी आयजीई, तुमच्या वडिलांसारख्या रुग्णासाठी आयजीजी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उद्या छातीविकारतज्ज्ञांकडे जाताना जुने एक्स-रेही सोबत नेतो.