वाड्यातून सदनिकेत जाताना : तीन हजार पुस्तकांतून सहाशे कोणती ठेवावीत?

सदाशिवपेठी

नमस्कार. आमचा सदाशिव पेठेतील वाडा पुनर्विकासासाठी दिवाळीनंतर रिकामा करावयाचा आहे आणि नव्या सदनिकेत माझ्या पुस्तकांच्या वाट्याला दहा फुटांची एक भिंत आली आहे. तिच्यावर पाच फळ्या बसतील, म्हणजे पन्नास फूट. एका फुटात सरासरी बारा पुस्तके मावतात हे मी मोजून पाहिले असल्यामुळे हिशोब सहाशेवर येऊन थांबतो. १९६९ सालापासून ठेवलेल्या माझ्या नोंदवहीत आज ३,१४० पुस्तके आहेत. उरलेली माळ्यावर टाकावीत म्हटले, तर नव्या घराला माळाच नाही.

माझा संग्रह मुख्यतः अभिजात साहित्याचा आहे. संतकाव्य, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या, जुनी आत्मचरित्रे, शिवाय रशियन व फ्रेंच कादंबऱ्यांची मराठी भाषांतरे. दर पावसाळ्यात यांपैकी एखादे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयाचे, हा माझा जुना नेम आहे. मुलाचे म्हणणे असे, की जे अभिजात आहे ते कोठेही मिळते, हरिभाऊ तर फोनवर फुकट वाचता येतात, तेव्हा आधी तेच देऊन टाकावेत. या म्हणण्याचा मला राग आला, परंतु त्याला देण्यासारखे उत्तर मात्र सुचले नाही. निवड नेमकी कोणत्या निकषावर करावी आणि उरलेली पुस्तके कोठे द्यावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त ग्रंथपाल

आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ज्या पुस्तकाच्या आवृत्त्या आजही निघत आहेत, ते आपल्या फळीवर नसले तरी वाचकाचे काही अडत नाही. अडते ते एकच आवृत्ती निघून विस्मरणात गेलेल्या पुस्तकांवाचून. एखाद्या तालुक्याच्या वकिलाने स्वखर्चाने छापलेले आत्मवृत्त, बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव अंक, संस्थानी छापखान्यांतील पोथ्या, अशी पुस्तके आधी बाजूला काढावीत. यादी करून ती पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय यांना दाखवावी आणि जे त्यांच्याकडे नाही तेवढेच द्यावे. न विचारता टेम्पो भरून पुस्तके पाठवणारे दाते ग्रंथपालाला किती जड जातात, हे मी नोकरीत पुष्कळदा अनुभवले आहे. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे होऊन गेली असतील, तर स्वामित्वहक्क संपलेला असतो, त्यामुळे अशा पुस्तकाचे स्कॅनिंग करून ते सर्वांसाठी खुले करण्यासही अडचण येत नाही.

आता उरलेल्या अर्ध्याविषयी. मिळते ते पुस्तक, पण आपल्याकडची आवृत्ती मिळतेच असे नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार छपाईतून गेले. हरिभाऊंनी १८९० साली पुण्यातच ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापून आली. शीर्षकातील ‘लक्षांत’वरचा तो अनुस्वार नव्या पुस्तकांतून गळालेला दिसतो. एक टिंब गेले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु ‘तें’ म्हणजे ती एक वस्तू आणि ‘ते’ म्हणजे पुष्कळ पुरुष हा भेद जुन्या छपाईत डोळ्यांना दिसत असे, आज तो संदर्भावरून ओळखावा लागतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली, ती अशाच पाठभेदांसाठी. तेव्हा १९६२ पूर्वीच्या आवृत्त्या ठेवाव्यात आणि नंतरचीच प्रत असेल तर निःशंक मनाने द्यावी.

जुजबंदी

काका, मी पुस्तकबांधणीच्या धंद्यातला आहे, म्हणून निवडीबद्दल बोलत नाही, प्रकृतीबद्दल बोलतो. प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या एखाद्या पानाचा कोपरा दोन-तीनदा हलकेच मागे-पुढे दुमडून पाहावा. तुकडा हातात आला, तर कागद जळला असे समजावे. लाकडाच्या लगद्याच्या कागदात तुरटी वापरलेली असल्यामुळे त्यात आम्ल राहते आणि ते त्याला आतूनच खाते. असे पुस्तक नव्याने शिवून घेण्याचा आग्रह धरू नये, कारण सुई जेथे जाते तेथेच पान फाटते. ते पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवून द्यावे. याउलट चिंध्यांच्या कागदावर छापलेली एकोणिसाव्या शतकातली पुस्तके अनेकदा आजच्या पुस्तकांपेक्षा धडधाकट असतात, त्यांना जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्या दोऱ्याने शिवून बांधणी, करून कापडी पुठ्ठा चढवला की पुढची पिढी निभावते.

फाटलेल्या पानाला कृपा करून सेलोटेप लावू नये. त्याचा डाग काही वर्षांनी अक्षरांवर उतरतो आणि निघत नाही. नव्या भिंतीविषयीही सांगतो. ती बाहेरची असेल, तर पावसाळ्यात ओल येणारच, म्हणून फळ्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे बसवाव्यात आणि नव्या बांधकामाचा गिलावा पुरता वाळल्याशिवाय पुस्तके लावू नयेत. कसर डांबरगोळ्यांपेक्षा हलत्या हवेला आणि वरचेवर फिरणाऱ्या हाताला अधिक भिते.

कोथरूडची वाचक

वरील दोन्ही सल्ले उत्तम आहेत, परंतु पहिल्याशी माझा मतभेद आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके आम्ही रीतसर यादी करून एका ग्रंथालयाला दिली. तीन वर्षांनी जुन्या बाजारात रविवारी फिरताना त्यांच्या सहीचे एक आत्मचरित्र मला ताडपत्रीवर पडलेले दिसले. समासात त्यांच्याच अक्षरात ‘हें खरें’ असे लिहिलेले होते. मी ते चाळीस रुपयांना परत विकत घेतले. त्या दिवसापासून पुस्तके संस्थेला न देता माणसांना द्यावीत, असे माझे मत झाले आहे. नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या वाचकाला एकेक पुस्तक हातात द्यावे, मग त्याला भले वर्ष लागो.

ठेवण्याविषयी म्हणाल, तर आवृत्ती आणि दुर्मीळता हे ग्रंथपालाचे निकष झाले. आपण काही वाचनालय चालवत नाही. वर्षाला वीस पुस्तके पुन्हा वाचली जातील असे धरले, तरी सहाशे पुस्तकांना तीस वर्षे लागतील. तेव्हा सहाशेसुद्धा पुष्कळ झाली. ज्यात आपल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, ती आधी ठेवा. ती प्रत फोनवर मिळत नाही, हेच मुलाला उत्तर.

सदाशिवपेठी

सर्वांचे आभार. वीसचा हिशोब वाचून थोडा वेळ गप्प बसलो, कारण माझे वय त्र्याहत्तर आहे.

दोन दिवसांत पहिल्या चार फळ्या उपसल्या. पेन्सिलीच्या खुणांचा निकष लावला, तर अपेक्षेपेक्षा फारच कमी पुस्तके उरतात. साठ-सत्तर भाषांतरे मी खुणाच काय, कडेने जोडून आलेली पानेही न कापता ठेवलेली निघाली. ती देण्यास आता हात आखडणार नाही. १९६२ पूर्वीच्या आवृत्त्या आतापर्यंत एकशे अकरा भरल्या. दुर्मीळ पुस्तकांची यादी नात संगणकावर करून देत आहे आणि ग्रंथालयांना ती पाठवूच, मात्र ‘आपल्याकडे नसेल तरच घ्यावे’ असे वर स्पष्ट लिहून.

जुजबंदी यांना एक विचारावयाचे आहे. आजीची हरिभाऊंची प्रत कोपरा दुमडताच तुटली. पेटीत ठेवीनच, पण या पावसाळ्यात ती वाचावयाची होती. अशी प्रत उघडावयाची असेल तर ती कशी धरावी?

जुजबंदी

काका, हातात धरू नका. टेबलावर दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून त्यांच्या मध्ये पुस्तक अर्धेच उघडावे, पान वरच्या कोपऱ्याऐवजी मधून, सपाट पट्टी खाली सरकवून उलटावे. वेळ लागेल. पंखा मात्र बंद ठेवा.